दहा माणसांची मोजणी : बेने इस्राएलांचं बारसं, लग्न, मरण आणि त्यांची 'मशीद'

सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचं देऊळ, असं एका वाक्यात सांगून आपण मोकळे होतो. पण देवळात माणूस एकटा जाऊ शकतो. सकाळी घाईत पायऱ्या चढायच्या, घंटा वाजवायची, हात जोडायचे, निघायचं. सिनेगॉगात मूर्ती नाही, त्यामुळे दर्शन नाही, आणि एकट्याने करण्यासारखं फार थोडं आहे. सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांपुढचे दहा पुरुष लागतात. या दहांच्या भरतीला हिब्रूत 'मिनयान' म्हणतात. नऊ जमले तर दहावा येईपर्यंत वाट बघायची. तोऱ्याची पोथी उघडायची तर दहा हवेत, मेलेल्या बापासाठी मुलाने 'कद्दीश' म्हणायचं तर दहा हवेत, लग्नातले सात आशीर्वाद म्हणायचे तरी दहा हवेत. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं.

टोपी बाजारात जमणाऱ्या आमच्या मंडळात या वर्षी विषय चाललाय तो मुलूख सोडून लांब गेलेल्या माणसांनी आपले संस्कार कसे टिकवले याचा. साहजिकच आपण आधी आपल्याबद्दल बोललो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे कायमची बसली, तिचं लष्कर शहर झालं, आणि छावणीमागून भटजी, कारकून, आचारी, सोनार असे सगळे आले. मुंज, लग्न, श्राद्ध कशालाच खीळ बसली नाही, कारण ते करणारी माणसं बरोबर होती. मग एकाने विचारलं, की माणसं होती म्हणून जमलं. ज्यांच्याबरोबर भटजी नव्हते, पोथ्या नव्हत्या, त्यांचं काय? त्याला उत्तर म्हणून मी हा निबंध बेने इस्राएलांवर लिहायला घेतला. ग्वाल्हेरात सिनेगॉग नाही, पण बेने इस्राएल मराठी आहेत, कोकणातले आहेत, आणि पोथ्यांशिवाय शेकडो वर्षं कसं निभतं हे त्यांच्याइतकं कोणी दाखवलेलं नाही.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वज गलबतातून येत होते, अलिबागच्या उत्तरेला नवगावपाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांना नवगावातच पुरलं. तिथे आज स्मारकस्तंभ आहे. ही घटना कोणत्या शतकातली यावर विद्वानांचं एकमत नाही. ती झाल्यावर काय झालं हे मात्र समाजाच्या अंगावरच लिहिलेलं आहे. ही मंडळी कुलाब्याच्या गावागावांत पसरली, घाण्यावर तेल काढू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर, नवगावकर. नावंही कोकणी वळणाची झाली. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी. हिब्रू विसरली गेली. पोथी नव्हती.

राहिलं काय? शनिवार राहिला, मुलाची सुंता आठव्या दिवशी करणं राहिलं, खवल्याशिवायचा मासा न खाणं राहिलं, काही सण आणि उपास राहिले, आणि 'शेमा' नावाच्या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द राहिले. देव एकच आहे, एवढंच ते सांगतात. सुंता असो, लग्न असो की मयत, हीच ओळ म्हणायची. दुसरं येतच नव्हतं. एका ओळीवर एवढा लांब काळ काढला, हे मला राहून राहून नवलाचं वाटतं.

पुढे दावीद राहबी नावाचा माणूस आला, त्याने यांना ज्यू म्हणून ओळखलं आणि धर्म पुन्हा शिकवला, अशी कथा आहे. तो नेमका कधी आला यावर वाद आहेत. त्याने तीन शिष्य तयार केले आणि त्यांना 'काझी' म्हटलं जाऊ लागलं, हे मात्र समाजाच्या आठवणीत पक्कं आहे. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर ही ती घराणी. काझी गावोगाव फिरायचा. कुणाच्या घरी मुलगा झाला की सुंतेला, लग्न असलं की लग्नाला, भाऊबंदांत तंटा झाला की निवाड्याला. वंशपरंपरेने चालणारं काम. माझ्या मते बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग म्हणजे हा चालता माणूस. भिंती नंतर आल्या.

भिंती आल्या त्या मुंबईत, १७९६ साली. शमुवेल यहेज्केल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, इंग्रजांच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा त्यांनी नवस केला होता असं सांगतात. सुटले, आणि मांडवी भागात 'शाअर हारहामीम', दयेचं द्वार, उभं राहिलं. रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. बेने इस्राएल बोलताना सिनेगॉगला 'मशीद' म्हणत आले. ही 'जुनी मशीद' आणि १८४० ची 'शाअरे रासोन' ही 'नवी मशीद'. मध्य रेल्वेवरचं मस्जिद स्टेशन या ज्यूंच्या मशिदीवरून नाव घेऊन बसलंय असंही सांगतात. दिवेकर दुसऱ्याच वर्षी तोऱ्याच्या पोथीसाठी कोचीनला गेले आणि तिथेच वारले.

आता त्या वास्तूत घरच्या माणसासाठी काय होतं ते बघू.

जन्मापासून सुरुवात. मुलगा झाला की आठव्या दिवशी 'मिला', म्हणजे सुंता. आठवा दिवस शनिवार असला तरी, मोठा सण असला तरी; मूल आजारी असेल तरच पुढे ढकलतात. सिनेगॉगात जा आणि नीट बघा, एक उंच, कोरीव, रिकामी खुर्ची दिसेल. तिच्यावर कुणी बसत नाही. ती एलियाहू हनाबीची. एलिया संदेष्टा प्रत्येक सुंतेला हजर असतो अशी सगळ्या ज्यूंची श्रद्धा आहे, म्हणून मूल आधी त्या खुर्चीवर ठेवतात, मग 'संदाक', म्हणजे मांडीवर घेणारा मानाचा माणूस, त्याला घेतो. सुंता झाली की द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात आणि त्याच वेळी मुलाचं हिब्रू नाव जाहीर होतं. सिनेगॉग इथे काय देतं? शिकलेला 'मोहेल', म्हणजे सुंता करणारा, शोधून देतं, हझान देतं, खुर्ची देतं, आणि नाव वहीत लिहून ठेवतं. ती वही महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

मुलीचं आपल्यासारखंच. बाराव्या दिवशी पाळणा, बायका जमतात, नाव ठेवतात. इथे मशिदीपेक्षा घर मोठं. बाळंतिणीचा विटाळ मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस पाळत. हा हिशेब बायबलातल्या लेवीय पुस्तकातला. पहिल्या मुलग्याला महिन्यानंतर 'सोडवून' घ्यायचा विधीही शास्त्रात आहे, पण त्याला 'कोहेन', म्हणजे पुरोहित कुळातला माणूस लागतो, आणि बेने इस्राएलांत कोहेन कुळंच नाहीत.

एक जुनी चाल मला फार आवडते. मूल होत नसलं की नवस बोलायचे, की झालं तर त्याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. काही वर्षं केस वाढवायचे, मग विधीपूर्वक काढायचे आणि केसांच्या भारंभार नाणी दान करायची. जावळ आणि तुला एकत्र आल्यासारखं वाटतं ना? पण याचं मूळ बायबलातल्या नाझीर व्रतात आहे. दोन्ही गोष्टी इतक्या छान जुळल्यात की सांधा सापडत नाही.

आणि मग मलिदा. बेने इस्राएलांची खरी खूण ती हीच; दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे हा विधी नाही. पोहे भिजवायचे, त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलदोडा, बेदाणे, बदाम-पिस्ते. ताटात ढीग करून भोवती फळं मांडायची आणि सुवासाला फूल किंवा सब्जाची पानं. शेमा, एलियाहू हनाबीचं गाणं, मग झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीवर उगवणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा, आणि नंतर सगळ्यांना प्रसादासारखं वाटप. नवस फिटला, मूल परीक्षेत पास झालं, नवं घर घेतलं, मुलगा परदेशी चालला, लग्न ठरलं, आजारातून उठला, सगळ्याला मलिदा. घरी करतात, मशिदीतही करतात, आणि ज्यांना जमेल ते अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन करतात. तिथे कातळावर खुणा आहेत. एलियाहू रथातून स्वर्गात जाताना इथे टेकला, त्या घोड्यांच्या टापांच्या आणि चाकांच्या या खुणा, अशी श्रद्धा. त्या जागेला 'एलियाहू हनाबीची टाप' म्हणतात. पोह्यांचा नैवेद्य, नवस आणि कातळावरची खूण हे वाचून कोकणातल्या माणसाला काही परकं वाटायचं कारण नाही.

तेराव्या वर्षी मुलगा 'बार मिस्वा' होतो, म्हणजे आज्ञा पाळायला बांधील. तेबेवर, म्हणजे मधल्या चौथऱ्यावर, त्याला तोरा वाचायला बोलावतात, आणि त्या दिवसापासून तो दहांत मोजला जातो. कोकणात हा विधी उशिरा रुजला. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक येऊन शिकवू लागल्यावर. मुंजीशी याची तुलना नेहमी करतात, मीही करीन, पण एक फरक आहे. मुंजीने मुलाला अधिकार मिळतो. बार मिस्व्याने मुलाला अधिकार मिळतो, शिवाय गावाला एक माणूस मिळतो. नऊच पुरुष असलेल्या वस्तीत तेरावं लागलेला पोरगा ही चैनीची गोष्ट नव्हे.

लग्न सगळ्यात रंगतदार. आदल्या रात्री मेंदी. हळदही लागते, गाणी मराठीच. जुन्या काळी मांडव, वरात, घोडा सगळं असे. दुसऱ्या दिवशी मशिदीत मात्र नवरी पांढरी साडी नेसते. नवरा तेबेपाशी उभा असतो आणि नवरी दारातून आत येऊ लागली की तो तिच्याकडे तोंड करून हिब्रू गीत गातो. सगळ्यांसमोर, एकटा. गळा असो नसो. आठवडाभर आधी हझानाकडून चाल घटवून घेणारे नवरदेव असणारच. मग द्राक्षरस, अंगठी, आणि 'केतुबा' मोठ्याने वाचणं. केतुबा म्हणजे लग्नाचा करार; नवऱ्याने बायकोला काय द्यायचं, तिला कसं सांभाळायचं, मोडलं तर किती रक्कम देणं लागतो, हे त्यात लिहिलेलं असतं, खाली साक्षीदारांच्या सह्या. मग सात आशीर्वाद, आणि नवरा पेला फोडतो, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याची आठवण म्हणून. ऐन आनंदात ही आठवण. शिवाय गळ्यात मंगळसूत्र. ते शास्त्रात कुठे नाही, कोकणात आहे.

लग्नाला मुहूर्त नसतो, पण वर्ज्य दिवस असतात. शनिवारी नाही, सणांना नाही, आणि मंदिर पडलं त्या शोकाचे तीन आठवडे नाही. हे तीन आठवडे साधारण आषाढ-श्रावणात येतात. त्यांच्या शेवटच्या दिवसाला बेने इस्राएल 'बिरड्याचा रोजा' म्हणतात, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. अशी नावं त्यांनी सगळ्याच सणांना दिलीत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. यावर वेगळा निबंध होईल, इथे आवरतो.

केतुब्याचं कायद्याच्या बाजूनेही बघायला हवं. भारतात हिंदूंना १९५५ चा, ख्रिस्त्यांना १८७२ चा, पारशांना १९३६ चा विवाह कायदा आहे. ज्यूंच्या लग्नासाठी असा वेगळा कायदाच नाही. त्यांचं लग्न रूढीवर चालतं. म्हणजे हझानाने लावलेलं लग्न, दोन साक्षीदार, केतुबा आणि सिनेगॉगच्या रजिस्टरातली ओळ हाच पुरावा. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर सरकारी फॉर्मांवर त्यांना बहुधा 'इतर' याच खान्यात बसावं लागे.

मरणाकडे येऊ. दहन नाही, दफन, आणि तेही होईल तितक्या लवकर. मयताला अंघोळ घालणं हे परक्यावर सोपवायचं काम नव्हे. पुरुषाला पुरुष, बाईला बाया. मग साधं पांढरं कापड. श्रीमंत-गरीब सगळ्यांना तेच, म्हणजे शेवटच्या दिवशी कुणाची ऐपत दिसू नये. जवळचे नातेवाईक अंगावरचा कपडा छातीपाशी फाडतात. सात दिवस घरात जमिनीवर बसायचं, आणि पहिलं जेवण घरचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं. प्रार्थना करायला सिनेगॉगची माणसं घरी येतात, दहा. मुलगा कद्दीश म्हणतो, अकरा महिने, आणि पुढे दर वर्षी तिथीला. कद्दीश हिब्रूत नाही, अरामीत आहे, आणि सबंध प्रार्थनेत मरणाचा उल्लेख एकदाही नाही. फक्त देवाचा महिमा. सेफार्दी वळणाप्रमाणे 'हश्काबा' म्हणून गेलेल्या माणसाचं नाव घेऊनही प्रार्थना म्हणतात.

मुलगा अकरा महिने कद्दीश म्हणतो याचा व्यवहारी अर्थ असा की अकरा महिने त्याला दहा माणसांत यावंच लागतं. एकट्याने, दार लावून म्हणता येत नाही. दुःखातल्या माणसाला घरात कोंडून बसू न देण्याची यापेक्षा पक्की तजवीज मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि उलट बाजूने, त्याच्या वडिलांसाठी नऊ शेजाऱ्यांनी पहाटे उठून यायचं. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी.

हे सगळं चालवतो कोण? मुकादम हा प्रमुख, 'गबाय' खजिनदार, हझान प्रार्थना चालवणारा, 'शमाश' दिवाबत्ती आणि निरोपाचं बघणारा. मुकादम हा शब्द तर आपल्याही ओळखीचा. पैसा वर्गणीतून येतो, लग्नकार्याच्या देणग्यांतून येतो, आणि सणावारी पोथी बाहेर काढण्याच्या, कपाट उघडण्याच्या मानासाठी बोली लागते त्यातून. मान विकला जातो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याकडच्या पहिल्या आरतीचे लिलाव आठवावेत. या पैशांतून दफनभूमी राखायची, गरिबाच्या मुलीचं लग्न लावायचं, अनाथाची सुंता करायची. शाळाही याच ओघात आली: हाईम शमुवेल किहीमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्राएल शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. याच किहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला, तो छापला गेला मात्र १९३७ साली, त्यांच्या मागे. आणि भाषेचं काम: सणाच्या रात्री घरी वाचायची 'हगादा' १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली, १८७४ साली पुण्यात चित्रांसह. १८८० नंतर तर बेने इस्राएलांनी आपल्या कीर्तनाचा साचा उचलून योसेफाची, मोशेची आख्यानं मराठीत लावली.

आता थोडं अप्रिय. दहा माणसं मोजायची म्हटलं की कोणाला मोजायचं हा प्रश्न येतोच, आणि तिथे धर्माची वास्तू माणसाला उचलून धरते तशी ढकलूनही देते. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. परजातीच्या बाईपासून झालेल्यांची संतती ती 'काळा इस्राएल'. त्यांच्याशी सोयरीक नाही, मशिदीत मान नाही. हे खुद्द पीडित समाजाने केलं, यात आश्चर्य काही नाही. आपल्याकडे काय होतं ते आपण जाणतो. मग तेच यांच्या वाट्याला आलं. मुंबईत बगदादी ज्यू आले, श्रीमंत झाले, आणि १८३६ साली त्यांनी मागणी केली की दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत घाला. मेल्यावरसुद्धा भिंत. पुढे बगदाद्यांच्या काही सिनेगॉगांत बेने इस्राएलांना दहांत धरत नसत. रंगूनला तर प्रकरण हायकोर्टात गेलं. तिथल्या सिनेगॉगच्या कारभारात मत द्यायचा हक्क बेने इस्राएलांना आहे, असा निकाल १९३५ साली त्यांच्या बाजूने लागला.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते इस्राएलात. १९४८ च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. राष्ट्र झाल्यावर त्यांतले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. तिथे लग्न लावायचा अधिकार मुख्य रब्बींच्या खात्याकडे. १९६२ साली त्या खात्याने लग्न नोंदणाऱ्या रब्बींना सांगितलं की बेने इस्राएल अर्जदार आला तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासा, जमेल तितक्या मागे जाऊन. शंका होती ती जन्माची, काडीमोडाची. शेकडो वर्षं ज्यांच्याकडे पोथी नव्हती त्यांनी शास्त्रशुद्ध 'गेट', म्हणजे फारकतीचं पत्र, दिलं असेल का? आणि दिलं नसेल तर त्या बाईच्या दुसऱ्या लग्नाची मुलं कोण? असा तो तर्क. लग्न ठरलेली पोरं-पोरी कचेऱ्यांतून परत येऊ लागली. लोक यरुशलेमात रस्त्यावर बसले. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने खास बैठक घेऊन सांगितलं, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि रब्बींना आपला आदेश बदलावा लागला.

आता ती वही आठवा. कोकणातल्या, मुंबईतल्या सिनेगॉगांच्या रजिस्टरातल्या जन्माच्या आणि लग्नाच्या ओळी, शाईने लिहिलेल्या, काही वाळवीने खाल्लेल्या. आजही तिकडे जायला निघालेल्या मुलाला सिनेगॉगचं पत्र लागतं, की हा आमच्यातला, याच्या आईबापाचं लग्न आमच्या इथे लागलं. मुकादमाच्या सहीला वजन आहे ते यामुळे. आपण मंडळाच्या वतीने जुनी दफ्तरं वाचवा म्हणून ओरडतो ते इतिहासाच्या प्रेमापोटी. इथे एका ओळीवर कुणाचं तरी लग्न अडलेलं असतं.

भारतात आता सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार उरलेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात. ठाण्याचं 'शाअर हाशामाईम' १८७९ चं, ते भरलेलं असतं. कोकणातली चित्रं वेगळी. रेवदंड्याचं बेथ एल, अलिबागचं 'मागेन आबोत', पनवेलचं बेथ एल, सगळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. रंग दिलेला, दिवे लावलेले, पण गावात घरं थोडी. सणाला मुंबईहून माणसं येतात तेव्हा दहा भरतात. पुण्यात दोन: लष्कर भागातलं लाल विटांचं 'ओहेल दावीद', १८६७ चं, ससून घराण्याचं, लोक त्याला 'लाल देऊळ' म्हणतात, आणि रास्ता पेठेतलं 'सुक्कत शेलोमो', १९२१ चं, बेने इस्राएलांचं. तिकडे इस्राएलात लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथे मेंदी निघते, मलिदा होतो, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. कराचीचं मराठी ज्यूंचं 'मागेन शालोम', १८९३ चं, मात्र १९८८ साली पाडलं गेलं.

आपल्याला सगळ्यात जवळचं दिल्लीचं, इथून सुमारे ३२० किलोमीटर. हुमायून रोडवरचा ज्यूडा हायम हॉल, १९५६ चा. छोटी बैठी वास्तू, शेजारीच दफनभूमी. १९७१ च्या युद्धातले लेफ्टनंट जनरल जेकब २०१६ पासून तिथेच आहेत. जाणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळी जा, आधी कळवून जा, आणि डोकं झाकायला काहीतरी न्या. टोपी बाजारातून निघणाऱ्याने तरी टोपी विसरू नये. दिल्लीत ज्यू घरं मोजकी, पाहुणे आणि वकिलातीतले लोक धरून प्रार्थना चालते. दहा पुरुषांचा नियम तिथे कसा निभावतात, हे विचारल्यावर तिथल्या मानद सचिवांनी वेळोवेळी मुलाखतींतून एकच उत्तर दिलंय: आम्ही बायकांनाही मोजतो.